ढाक्याचा वैशाख, चंदननगरचा चैत्र

सगळ्या गाद्या गच्चीवर उन्हात, सगळी पितळी भांडी अंगणात, आणि मंजुश्री स्टुलावर चढून पंख्याची पाती पुसतेय, अशा वेळी दारातून खणखणीत आवाज आला, “शुभ नववर्ष!”

मंजुश्रीचा हात तिथंच थांबला. नववर्ष? आज? आज तर चैत्राचा शेवटचा दिवस. बंगाली वर्ष सुरू होतं ते पहिल्या वैशाखाला, आणि तो उद्या. नवे कपडे उद्या, गोडधोड उद्या, आणि लेक कजरीच्या लग्नाचं पक्कं करायला ढाक्याहून माणसं येणार तीही उद्याच. तिनं स्टुलावरूनच मान वळवून पाहिलं. दारात कडक इस्त्रीच्या पांढऱ्या झब्ब्यातले एक उंच, पिकल्या केसांचे गृहस्थ उभे होते आणि त्यांच्या मागे, कोऱ्या लाल झब्ब्यात, थर्माकोलचा भलामोठा खोका पोटाशी धरून दीप्र. तोच दीप्र, ज्याच्यावरून या घरात गेली दोन वर्षं रणं माजली होती.

“अगं बाई!” मंजुश्री स्टुलावरून उतरली की पडली, तिचं तिलाच कळलं नाही. हातातलं फडकं कुठं लपवावं ते सुचेना, म्हणून तिनं ते पदराखाली घेतलं.

“नमस्कार, विहीणबाई!” गृहस्थ दोन्ही हात जोडून म्हणाले. “मी नीरद मजुमदार. दीप्रचा मामा. फोनवर बोललो होतो आपण.”

“श्श! तो शब्द नको.”

“कुठला? मामा?”

“विहीणबाई.” तिनं गल्लीत दोन्हीकडे नजर टाकली. गल्लीच्या टोकाला चैत्रअखेरच्या शिवोत्सवातल्या गाजनवाल्या संन्याशांचा ढाक ढोलासारखा घुमत होता, बाकी कुणी नव्हतं. “आधी आत या. मामाबाबू, तुम्ही उद्या येणार होता ना?”

“उद्या कसा? तुम्हीच म्हणालात, पहिल्या वैशाखाला या. आलो की. आज पहिला वैशाख!”

“आमच्याकडे उद्या आहे.”

नीरदमामांचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. दीप्रनं डोळे मिटले. “मामा, मी शंभरदा सांगितलं होतं तुम्हाला, तारीख विचारा म्हणून.”

“पहिल्या वैशाखाची तारीख कोण विचारतं रे?” मामा तडकले. “उद्या म्हणशील, वाढदिवसाला दिवस विचारा!”

चूक कुणाची म्हणायची? ढाक्यात सरकारनं कॅलेंडर बसवून दिलंय, तिकडे वैशाख एक दिवस आधी उगवतो. इकडे गंगेच्या काठी पंचांग जे सांगेल ते. हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि फोनवर बोलताना कुणालाच आठवत नाही. मंजुश्रीलाही आठवलं नव्हतं, आणि आता निस्तरायचं तिलाच होतं.

चैत्र इकडे लग्नकार्याला अशुभ. तो संपेपर्यंत लग्नाचा विषय तोंडातूनसुद्धा काढायचा नाही, हे इकडे सगळेच पाळतात. पण या नंदींच्या घरात ते पाळायला लावणारी सुकुमारी होती. मंजुश्रीची थोरली नणंद, कजरीची पिशी. कजरी दीड वर्षाची असताना मंजुश्री टायफॉइडनं अंथरुणाला खिळली, तेव्हापासून पोरीचं न्हाऊमाखू, शाळा, आजारपण, सगळं पिशीनं केलं. कजरीवर आईचा जेवढा हक्क, त्याच्यापेक्षा पिशीचा काकणभर जास्तच, आणि हे मंजुश्रीनं कधी मनाला लावून घेतलं नव्हतं. फार नाही, निदान. तर या पिशीनं दोन वर्षं नाही-नाही म्हणून शेवटी फाल्गुनात मान डोलावली होती, ती एका अटीवर. “वैशाख लागू दे. पहिल्या दिवशी येऊ देत, माझ्यासमोर बोलू देत. चैत्रात कुणी तोंड उघडलं तर मी या घरात नाही.”

“दिदी घाटावर गेल्यात,” मंजुश्री घाईघाईनं म्हणाली. “येतीलच इतक्यात. कजरी! अगं ए कजरी! अहो, तुम्ही तरी या!”

प्रतुल मागल्या दारानं आला, हातात कडुलिंबाच्या कोवळ्या पाल्याची जुडी. त्यानं पाहुण्यांकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, आणि आयुष्यभर प्रत्येक संकटात जे केलं तेच केलं. “चहा टाकतो,” म्हणाला.

“चहा कसला टाकताय! दिदींना काय सांगायचं ते बोला.”

“सांगू की पाहुणे एक दिवस आधी आले. उद्या बोलतील.”

“तिथंच तर घोडं पेंड खातंय,” नीरदमामा कपाळ पुसत म्हणाले. “उद्या आम्ही नाही. पहाटेची कोलकात्याहून बस आहे, म्हणजे आज संध्याकाळीच निघायला हवं. परवा याचं जहाज सुटतं चट्टोग्राम बंदरातून. इंजिनखान्यातली नोकरी, एकदा गेला की आठ महिने.”

एवढ्यात जिन्यावरून कजरी उतरली. डोक्याला गमछा बांधलेला, नाकावर काजळी, हातात केरसुणी. दीप्रला बघून ती पायरीवरच बसली आणि पोट धरधरून हसायला लागली. “किती नटलायस रे! आणि मी बघ!”

“छान दिसतेयस,” दीप्र म्हणाला, आणि ते त्यानं इतक्या मनापासून म्हटलं की मंजुश्रीनं उगाचच खोक्याकडे बघितलं.

सगळी हकीकत ऐकल्यावर मात्र कजरीचं हसू मावळलं. “मा, आज पक्कं नाही झालं तर आठ महिने मी अशी लटकत राहणार नाही हं. उद्या पहाटे मीही बसमध्ये बसेन. ढाक्याला जाऊन सही करून मोकळी होईन.”

“आणि पिशी?”

कजरी केरसुणीच्या काड्या मोडत बसली. पोरगी सही करून गेली तर सुखी होईल, यात शंका नव्हती. पण पिशीच्या पाया न पडता गेली, तर या घरात दोघी बायका मागे उरतील आणि एकमेकींकडे बघायचं कसं हेच कळणार नाही. मंजुश्रीला लग्न हवं होतं, आणि ते दिदींच्या हातच्या आशीर्वादानं हवं होतं. यातलं एकच मिळालं असतं तर ते तिला नको होतं.

“काय खुसुरफुसुर चाललीय?”

दारात सुकुमारी उभी. ओली साडी, खांद्यावर ओला पंचा, काखेत गंगाजलाची कळशी. साठी उलटली तरी बाईचा कणा असा, की पोलिसानं सलाम ठोकावा. तिनं एकेकाचा चेहरा वाचला. मग दीप्रच्या लाल झब्ब्यावर नजर खिळली.

“हे ढाक्याचे,” प्रतुल म्हणाला.

“दिसतंय मला. आणि त्या खोक्यात?”

“मासे,” मामा नम्रपणे म्हणाले. “पद्मेचे इलिश. जोडी.”

तिनं कळशी ठेवली, खोक्याचं झाकण उचललं. बर्फावर दोन लखलखीत इलिश शेजारी शेजारी निजलेले, दोघांच्या कपाळावर, सोयरिकीच्या भेटीला लावतात तसा, शेंदराचा टिळा.

“शेंदूर लावलेले?” सुकुमारी म्हणाली. “म्हणजे हे काय देवदर्शनाला निघालेत?”

प्रतुलला ठसका लागला. मामा तेवढ्याच गंभीरपणे म्हणाले, “त्यांना वाटलं पहिला वैशाख आहे. माझ्यासारखेच फसले बिचारे.”

सुकुमारीच्या ओठाचा कोपरा जरासा हलला, पण लगेच जागेवर आला. तिनं झाकण लावलं. “हे बघा, दारी आलेला माणूस माझ्याकडून उपाशी जात नाही. आज चैत्र संक्रांत, आज या घरात मासा शिजत नाही. सातूचं पीठ खाऊ, कडू डाळ खाऊ. आज तुम्ही पाहुणे. जे बोलायचं ते उद्या सकाळी, आंघोळी करून, देवासमोर. आज तो शब्द ज्याच्या तोंडून निघेल त्यानं कडुलिंबाची पाच पानं चावून खायची. माझा भाऊ असो नाहीतर कुणाचा मामा असो.”

उद्या पाहुणे इथं नसणार, हे सांगायला त्या क्षणी कुणाची जीभ रेटली नाही. मंजुश्रीनं प्रतुलकडे पाहिलं, प्रतुलनं आढ्याकडे.

जेवण निम्मं होईपर्यंत नीरदमामांची पंधरा पानं खाऊन झाली होती. त्या माणसाला गप्प बसणं जन्मात जमलेलं नव्हतं. सातूत केळं आणि दही कालवताना ते म्हणाले, “आमच्या बहिणीच्या लग्नात—” पाच पानं. गच्चीवरच्या गाद्या बघून म्हणाले, “एवढ्या गाद्यांवर अख्खं वऱ्हाड झोपेल.” त्यावर बराच वाद झाला, वऱ्हाड हा शब्द धरायचा की नाही. सुकुमारीनं धरला. पाच पानं. मग स्वतःहूनच तोंड वाकडं करत म्हणाले, “माझ्या लग्नातसुद्धा एवढं कडू खाल्लं नव्हतं हो,” आणि हात पुढे केला. कजरी हसून हसून ताटावर कोसळली. मंजुश्रीलाही हसू आवरेना. असं घरभर हसू कधी झालं होतं शेवटचं? दोन वर्षं नुसती दारं आपटली होती.

दीप्र मात्र निमूट जेवत होता. सुकुमारीनं त्याच्या पानात कडुलिंब-वांगं वाढलं. त्यानं खाल्लं. पुन्हा वाढलं. त्यानं पुन्हा खाल्लं, डोळ्यांत पाणी तरारलं तरी.

“आवडलं?”

“नाही, पिशी,” तो म्हणाला. “पण वाढा.”

सुकुमारीनं तिसऱ्यांदा वाढलं नाही. कच्च्या आंब्याच्या डाळीची वाटी त्याच्याकडे सरकवली. मंजुश्रीनं ते टिपलं. वीस-पंचवीस वर्षं एका चुलीवर काढली होती तिनं या बाईबरोबर. आंब्याची डाळ दिदी सरकवतात ती आपल्या माणसालाच, हे तिला माहीत होतं.

“मग उद्या सकाळी आठला बसू,” सुकुमारी म्हणाली. “भटजींना निरोप धाडते.”

प्रतुल म्हणाला, “बघू की, सकाळचं सकाळी.” मंजुश्री म्हणाली, “दिदी, भात वाढू?” मामांनी घाईनं तोंडात घास कोंबला. आणि दीप्रनं हात ताटात ठेवून सरळ वर पाहिलं.

“पिशी, उद्या आम्ही नसू. संध्याकाळी निघतोय. परवा माझं जहाज आहे. आठ महिन्यांनी येईन.”

बाहेर ढाकवाले अगदी दाराशी आले होते, त्यांचा दणदणाट थांबेपर्यंत सुकुमारीनं बोटांवर महिने मोजले.

“आठ महिन्यांनी म्हणजे पौष,” सुकुमारी शेवटी म्हणाली. “पौषही चालत नाही. माघात ये.”

“पिशी!” कजरी उठलीच. “तो माघापर्यंत थांबेल, मी नाही थांबणार. मी आज जाते त्याच्याबरोबर. सही करते.”

“कजरी, बस खाली,” प्रतुल म्हणाला.

“का बसू? सगळ्या गल्लीला माहितीय, मी याच्याशीच लग्न करणार. पंचांगाला तेवढं माहीत नाही!”

ती उष्ट्या हातानंच वर निघून गेली. सुकुमारीनं शांतपणे कडुलिंबाची वाटी उचलली, कजरीच्या वाट्याची पाच पानं स्वतः चावून खाल्ली, आणि मागल्या ओसरीत जाऊन बसली.

मंजुश्री स्वयंपाकघरात भांडी घासायला बसली. खिडकीपलीकडेच ओसरी. थोड्या वेळानं मामांच्या चपला वाजल्या.

“बसू?”

“ओसरी काय माझ्या एकटीची आहे?”

“तुम्ही माझ्यावर रागावलात.”

“मी कुणावर रागावलेली नाही, मजुमदारबाबू.” सुकुमारीचा आवाज मंजुश्रीनं कधी ऐकला नव्हता इतका खाली आला. “यांना वाटतं म्हातारीला पंचांगाचं खूळ आहे. वाटू दे. बावीस वर्षांची होते मी. वर्धमान गावचा मुलगा होता, पोस्टात होता. त्यांच्या माणसांना घाई. चैत्राचे चार दिवस उरले असतील, येऊन धान-दूर्वा टाकून लग्न पक्कं केल्याचा आशीर्वाद देऊन गेले. आषाढात कावीळ झाली त्याला. गेला. त्याची आई इथं येऊन म्हणाली, तुमच्या पोरीनं माझ्या पोराला खाल्लं. मी काय, ऐकून घेतलं. पण माझ्या कजरीला कुणी तसं बोललेलं मी ऐकणार नाही. आणि पोरगा जहाजावर चाललाय. समुद्रावर! मला तो जिवंत परत यायला हवा आहे हो. मला दुसरं काही नको.”

मंजुश्रीच्या हातातली राख तशीच राहिली. पोस्टातल्या मुलाची गोष्ट सगळ्यांना माहीत होती. पण दिदींना दीप्रच्या जिवाची भीती वाटते, हे तिच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. दोन वर्षं आपण या बाईला नुसतं हट्टी समजलो, या विचारानं तिला स्वतःची लाज वाटली.

“आमच्या घरी पंचांग माझी बायको बघायची,” मामा म्हणाले. “माझं लग्न तीन पंडितांना विचारून ठरलं. असा मुहूर्त दहा वर्षांत आला नव्हता म्हणे. एक्केचाळिसाव्या वर्षी गेली ती. या दीप्रला पोटच्या पोरासारखं वाढवत होती, त्याची शाळाही संपली नव्हती. मी पंचांगाला दोष नाही देत. नुसतं बघायचं सोडलं. म्हणून तर आज हा घोळ झाला. ती असती तर तारीख विचारून मगच फोन ठेवला असता तिनं.”

मग मंजुश्री उठली. हात न धुताच ओसरीत गेली. लग्न होऊन आल्यापासून नणंदेसमोर ती मान वर करून बोलली नव्हती, आणि आताही मान खालीच होती, पण बोलली.

“दिदी, चूक माझी आहे. मीच फोनवर नीट बोलले नाही. मला शिव्या द्या. पण पोरीला रागावून जाऊ देऊ नका. ती माझ्याशिवाय राहील. तुमच्या आशीर्वादाशिवाय तिला तिकडे एक घास गोड लागायचा नाही. आणि भीती मलाही वाटते हो. आपण दोघी मिळून घाबरू. आठ महिने रोज घाबरू. पण आशीर्वाद आजच देऊ.”

सुकुमारी तिच्याकडे बघत राहिली. “केवढं बोललीस गं,” ती म्हणाली. मग मामांकडे वळली. “आत्ता, या घटकेला, ढाक्यात काय चाललंय?”

“आत्ता?” मामांचा चेहरा उजळला. “सकाळी मुखवट्यांची मिरवणूक निघून गेली असेल. रस्त्यात पाय ठेवायला जागा नसेल. पोरी केसांत फुलं माळून हिंडत असतील. आमच्या गल्लीतली पोरं माझ्यावाचून बेसूर गात असतील. शेजारणींनी पंचवीस तऱ्हेची भरतं केली असतील आणि आमचं दार बंद बघून मला शिव्या घालत असतील.”

“म्हणजे तिथं खरोखरच वैशाख लागलाय.”

“लागला हो. पहाटेच लागला.”

“आणि पोरगी तिथंच नांदणार.” सुकुमारी गुडघ्यावर हात टेकून उठली. “मंजू, धान-दूर्वा काढ. चंदन उगाळ. शंख कुठं ठेवलाय या धुण्यापुसण्यात?”

“दिदी, आज?”

“मुलगी ढाक्याला जायची तर दिवस ढाक्याचा धरायचा. चंदननगरचा चैत्र तिला कशाला चिकटवताय? प्रतुल! आढ्याकडे काय बघतोस? पोरीला खाली आण. आणि म्हणावं, तोंड धुऊन ये, नाकावर काजळी आहे.”

मग जी धावपळ उडाली! शंख भांड्यांच्या ढिगाखाली सापडला. दूर्वा अंगणात होत्या, धान शेजारच्यांच्या देवघरातून मागून आणलं. गाद्या गच्चीवर, म्हणून दोघांना चटईवर बसवलं. कजरीनं तोंड धुतलं होतं, पण डोळे लालभडक. साडी बदलायला वेळ नव्हता, मंजुश्रीनं उद्यासाठी काढून ठेवलेल्या आपल्या कोऱ्या साडीचा लाल पदर नुसता तिच्या डोक्यावरून घातला. मामांनी आधी कजरीच्या कपाळी चंदन लावलं, डोक्यावर धान-दूर्वा ठेवल्या, आणि तो एवढा बोलका माणूस “सुखी राहा” एवढंच म्हणाला.

सुकुमारी दीप्रसमोर बसली. भीती गेलेली नव्हती, मंजुश्रीला ते स्पष्ट दिसत होतं. भीतीसकटच तिनं चंदनात बोट बुडवलं आणि पोराच्या कपाळावर टेकवलं.

“जहाजावरून रोज फोन करायचा,” ती म्हणाली. “मला. हिला मागाहून.”

“हो, पिशी.”

“आणि कावीळ झालीय असं नुसतं वाटलं तरी डॉक्टरकडे जायचं.”

“हो, पिशी.”

मंजुश्रीनं शंख फुंकला. पहिल्यांदा नुसती हवाच निघाली, सगळे हसले, मग असा वाजला की गल्लीतले गाजनवाले संन्यासी दारात डोकावले आणि त्यांनी न विचारताच ढाक धरला. चैत्राच्या शेवटच्या दिवशी नंदींच्या घरात शंखध्वनी कसला, म्हणून शेजारणी धावत आल्या. सुकुमारी प्रत्येकीला ठणकावून सांगत होती, “ढाक्याच्या हिशेबानं आहे! ढाक्याच्या! इथल्या कुणी नाकं मुरडायची नाहीत!”

ऊन उतरल्यावर पाहुणे निघाले. इलिशची जोडी बर्फातच राहिली, उद्या शिजणार होती. दाराशी मामा पुन्हा पूर्ववत झाले. दोन्ही हात जोडून म्हणाले, “तर मग, विहीणबाई, आता हा शब्द चालेल ना? मुलगी आमची झाली!”

“तुमच्या ढाक्यात झाली,” सुकुमारी म्हणाली. “इथं अजून चैत्र आहे. उद्या सूर्य उगवेपर्यंत ती माझी आहे.”

रिक्षा गल्लीच्या वळणावरून दिसेनाशी झाली. कजरी तिथंच उभी होती, मग वळली आणि लहानपणी शाळेतून येऊन शिरायची तशी पिशीच्या कुशीत शिरली. तिचे खांदे हलायला लागले.

“रड,” सुकुमारी तिच्या केसांवरून हात फिरवत म्हणाली. “काय रडायचं ते आज रडून घे. उद्या वर्षाचा पहिला दिवस. उद्या या घरात कुणी रडायचं नाही.”

आणि एवढं बोलून ती स्वतःच, भर दारात, शेजारणींच्या देखत, हुंदके देऊन रडायला लागली. मंजुश्रीनं दोघींना धरलं आणि दार लोटून घेतलं.